कोणाचीही चूक मान्य न करता

१२ जानेवारी

प्रिय टिल्लू,

फोन करू नकोस. तू फोन करतोस, मी 'हॅलो' म्हणते आणि पुढे आपण दोघं नुसतं नाक ओढत बसतो. तू होस्टेलवर होतास तेव्हा लिहायचो तशी पत्रं लिहू या. पत्रात रडलं तर समोरच्याला ऐकू तरी जात नाही.

मी कामावर जायला लागले. दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींचे ढीग वाट बघतच होते. तिथे बरं वाटतं. मशीनच्या आवाजात कोणी माझी विचारपूस करायला येत नाही. घरी आलं की पंचाईत. इथे तुझ्या दाजींची खुर्ची, त्यांची पान्यांची पेटी, आणि मोरीतला नळ. हा नळ आता टपकायला लागलाय. ते असताना आमच्या घरातला नळ कधी टपकला होता का रे? अर्ध्या रस्त्यातून परत येऊन गॅसचं बटण बघून जाणारा माणूस.

आणि त्याच माणसाबद्दल त्यांच्या कोल्डस्टोरेजचा मालक वस्तीभर सांगत फिरतोय की मशीनमधलं तेल काढायचा व्हॉल्व्ह यांनीच उघडा टाकला, अमोनिया गॅस सुटला आणि हे जीव घेऊन पळाले. पळणारा माणूस दाराकडे सापडायला हवा ना? हे सापडले पार आत, पॅकिंगच्या हॉलमध्ये. बाकीचे सगळे बाहेर आले होते, फक्त चिमणी आत राहिली होती. चिमणी म्हणजे आपल्या समोरच्या शिवणवालीची मुलगी, तिथेच पॅकिंगला होती. दिवसभर बडबड करायची म्हणून तुझ्या दाजींनीच तिला ते नाव ठेवलं होतं. तिला आणायला गेले, आणि दोघंही तिथेच राहिले.

हे मला कळतं. शिवणवालीला कोण सांगणार? तिची खिडकी माझ्या खिडकीसमोर. इतकी वर्षं दुपारचा चहा आम्ही एकत्र घेतला. आता तिने जाड पडदा लावलाय. माझ्या नवऱ्याने तिची पोर मारली असं तिला वाटतं, टिल्लू. यांचा कामावरचा निळा शर्ट खिसा शिवायला तिच्याकडे दिला होता, त्या आठवड्यातच. तो अजून तिच्याकडेच आहे. मागायला जायची माझी छाती होत नाही.

विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन गेला. दोन पेले पाणी प्यायला आणि जाताना म्हणाला, "माणूस कामाला चोख होता तुमचा." म्हणजे त्याला काहीतरी दिसलंय. तू याच धंद्यातला. मला एवढंच सांग, ते काय दिसलं हे बोलायचा अधिकार कोणाला असतो? मला पैशाचं सांगू नकोस. यांची चूक नव्हती, हे एक वाक्य कोणीतरी अधिकाराने शिवणवालीच्या दारात जाऊन म्हणायला हवं. बाकी मला काही नको.

तुझी ताई


२१ जानेवारी

प्रिय ताई,

पत्राच्या डोक्यावर सवयीने 'सौ.' लिहिलं, आणि मग तो कागद बाजूला ठेवून दुसरा घेतला. अक्षर वाईट आलंय ते त्यामुळे.

तू विचारलंस ते सरळ सांगतो. मालकाने विमा कंपनीकडे विमा उतरवलेला असतो. एवढा मोठा धोका एकट्या कंपनीला झेपत नाही, म्हणून ती स्वतःचा विमा आणखी मोठ्या कंपनीकडे उतरवते. तो पुनर्विमा. मी नोकरी करतो ती अशा मोठ्या कंपनीच्या कायदा विभागात. आमच्या करारांत एक कलम असतं, की आमच्या परवानगीशिवाय विमा कंपनीने कोणाचीही चूक मान्य करायची नाही. मालकाची चूक ठरली की भरपाई वाढते आणि वाढलेली भरपाई आमच्या खिशातून जाते, म्हणून.

दाजींनी एकदा जेवताना विचारलं होतं, "टिल्लू, तू ऑफिसात नक्की करतोस तरी काय?" मी ऐटीत म्हणालो, "लोकांना सॉरी म्हणू देत नाही." त्यावर ते म्हणाले, "मग तुझ्या ताईचा विमा तुमच्याकडेच असणार. लग्न झाल्यापासून एकदाही म्हणालेली नाही." तू वाटी आपटलीस, आणि आम्ही दोघं ठसका लागेपर्यंत हसलो.

तुमच्या प्रकरणात विमा कंपनीच्या मागे कोण आहे ते मला बघावं लागेल. त्याला वेळ लागतो. तोवर कोणाशी वाद घालू नकोस आणि माझ्याशी बोलल्याशिवाय कशावर सही करू नकोस. जेवतेस ना वेळेवर?

तुझा टिल्लू


४ मार्च

प्रिय टिल्लू,

तुझं 'बघावं लागेल' अजून बघून झालं नाही का?

विमा कंपनीची बाई आली होती. लहान वयाची, चष्मेवाली, बोलायला गोड. एक कागद घेऊन आली. त्यात भरपाईचा आकडा होता आणि वर लिहिलं होतं, 'कोणाचीही चूक मान्य न करता'. मी म्हटलं, मग कोणाची होती ते कुठे लिहिलंय? ती म्हणाली, "ते आम्हाला लिहिता येत नाही, काकू. नवीन नियम आलाय की मोठ्या कंपनीची परवानगी यायची आहे, असं कारण सांगून मेलेल्यांच्या घरच्यांचे पैसे अडवायचे नाहीत. म्हणून पैसे लगेच देतोय. पण तो नियम पैशापुरता. बाकी काही लिहायचं तर वरून परवानगी लागते." तिच्या डोळ्यात पाणी होतं, खोटं नाही सांगत. म्हणजे पैसे अडवू नका हे सरकारला सुचलं, शब्द अडवू नका हे कोणाला सुचलं नाही.

मी सही केली नाही. शिवणवालीनेही केली नाही असं कळलं. तिने वकील लावलाय.

आता दुसरं. त्या बाईच्या फायलीवर मोठ्या कंपनीचं चिन्ह होतं, जहाजाचं सुकाणू. ते मी रोज बघते. तू दर वर्षी जे कॅलेंडर पाठवतोस आणि तुझे दाजी दूधवाल्याचे खाडे मांडायला जे स्वयंपाकघरात लावायचे, त्याच्यावर तेच सुकाणू आहे.

टिल्लू, ही तुझीच कंपनी ना?

ताई


१० मार्च

ताई,

हो.

पहिल्या पत्राला उत्तर लिहिलं तेव्हाही मला माहीत होतं. फाइल माझ्याच टेबलावर होती. आता रागावण्याआधी ऐक.

अपघातानंतरच्या पहिल्या बैठकीत आमच्या मोठ्या मॅडमनी विचारलं होतं, "या प्रकरणात कोणाचं नातं, ओळख असेल तर आत्ताच सांगा. फाइल दुसऱ्याकडे देऊ." तो आमच्याकडचा नियमच आहे. मी गप्प बसलो. दुसरा म्हणजे कोण, तर माझ्या शेजारच्या टेबलावरचा नन्ना. कुठलीही फाइल द्या, हा माणूस नन्नाचा पाढा वाचतो, म्हणून ऑफिसात त्याचं ते नाव पडलंय. त्याच्या हातात दाजींची फाइल गेली असती तर तुला ते वाक्य या जन्मात मिळालं नसतं. मी विचार केला, आपल्या हातात राहू दे, आपण नीट नेऊ.

सर्व्हेअरच्या अहवालात काय आहे ते मला विचारू नकोस. ते सांगणं म्हणजे माझी नोकरी जाणं, एवढंच नाही, तुमचं सगळं प्रकरणच वाया जाईल. परवानगी देता येईल का, याचा मी विचार करतोय. माझ्यावर विश्वास ठेव आणि थोडं थांब.

टिल्लू


१५ मार्च

चि. टिल्लू,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

अहवालात चांगलं काही असतं तर तू आडून का होईना सांगितलं असतंस. मला ओळखता येतं तुझं. शाळेत नापास झालास तेव्हाही 'निकाल अजून लागायचाय' म्हणून आठवडाभर फिरवलं होतंस आईला.

म्हणजे त्यांनी खरंच उघडा ठेवला होता तर. हात थकले असतील. डबल ड्युटी चालू होती. मीच त्या सकाळी डब्यावरून भांडले होते, डोक्यात तेच राहिलं असेल.

आज शिवणवाली वस्तीच्या नळावर भेटली. मी मान खाली घातली. इतके दिवस घातली नव्हती, आज घातली. तिने ते बघितलं.

तू येऊ नकोस इतक्यात.

ताई


१९ मार्च

ताई, ताई,

लिहू नये ते लिहितोय. वाच आणि फाडून टाक. कोणाला दाखवू नकोस, सांगू नकोस.

दाजींनी व्हॉल्व्ह बंद केला होता. चाक शेवटपर्यंत आवळलेलं होतं, सर्व्हेअरला ते सोडवायला पाना लावावा लागला. आतल्या धातूला चीर होती, गॅस त्या चिरेतून सुटला. तिथे मुळात हात सोडला की आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह असायला हवा होता. तो खराब झाल्यावर मालकाने साधा बसवला. दाजींनी त्याबद्दल दोनदा तक्रार केली होती, फोरमनने जबाबात कबूल केलंय. आणि ते मास्क लावून परत आत गेले होते. चिमणीच्या तोंडावर मास्क सापडला, ताई. त्यांच्या नाही.

तुझ्या डब्यावरच्या भांडणाचा याच्याशी काडीचा संबंध नाही. मान वर कर.

माझं टिपण तयार आहे: विमा कंपनीला हे सगळं लेखी मान्य करायची परवानगी द्यावी. पुढच्या आठवड्यात मॅडमच्या टेबलावर जाईल. मॅडम कडक आहेत, पण वाचून निर्णय घेणाऱ्या आहेत. सही झाली की तीच चष्मेवाली बाई कंपनीच्या कागदावर ते वाक्य घेऊन तुझ्या दारात येईल आणि शिवणवालीच्याही. मग कोणाला शंका घ्यायला जागा उरणार नाही. फक्त तोवर एक शब्द बोलू नकोस. तुला माझी शपथ.

टिल्लू


२८ मार्च

लाडक्या टिल्लू,

फाडलं. बारीक तुकडे करून चुलीत, म्हणजे गॅसवरच, जाळले. हात भाजून घेतला थोडा. तू सांगितलंस म्हणून कोणालाही दाखवलं नाही.

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात खाली बसले आणि मोठमोठ्याने रडले. इतके दिवस नीट रडताच आलं नव्हतं, लाज मध्ये यायची. मास्क तिला दिला. देणारच. ते तसेच होते, अर्धवट काम न करणारे.

आता झोप लागते. आणि एक सांगू? समोरचा पडदा परवा सरकला. काल शिवणवालीने चहाला बोलावलं. फार बोललो नाही, पण एकमेकींना धरून बसलो होतो. तिच्या मशीनशेजारी तुझ्या दाजींचा निळा शर्ट काढून ठेवला होता, त्याला जुळणारा दोरा शोधत होती. म्हणाली, "असाच परत नाही देणार, खिसा पक्का करून देते."

कसं झालं, कशाने झालं, ते भेटलास की सांगेन. तू आता खुशाल ये.

तुझी ताई


६ मे

ताई,

बरेच दिवस लिहिलं नाही. काय लिहायचं तेच कळत नव्हतं.

मॅडमनी सही केली होती. परवानगीचं पत्र पाकिटात घालून जावक खिडकीत ठेवलेलं मी स्वतः पाहिलं. त्याच सकाळी शिवणवालीच्या वकिलाची नोटीस आली. 'आपल्या कायदा विभागातील अधिकाऱ्याने मालकाची चूक आमच्या अशिलापर्यंत पोहोचेल अशा रीतीने मान्य केली आहे.' खाली माझं नाव होतं. नातंही होतं, मृताचा मेव्हणा म्हणून.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "सख्खी बहीण?"

पाकीट जावक खिडकीतून परत आणलं गेलं. मी नातं लपवलं, तेव्हा मी तयार केलेलं टिपण रद्द, त्यावरची परवानगी रद्द. विम्यावरच्या सरकारी नियामकांनाही कळवावं लागलं. मालकाचा वकील आता म्हणतो, सर्व्हेअरचा अहवालसुद्धा मेव्हण्यानेच वळवून घेतला. पुन्हा तपासणी करू म्हटलं तर तपासायला काही उरलेलं नाही. पहिला सर्व्हे संपला म्हणून मालकाने पाइप, व्हॉल्व्ह सगळं भंगारात घातलं, आणि तसं करायची त्याला रीतसर मुभा होती. आता ती परवानगी धरायची की नाही यावर विमा कंपनी आणि आमची कंपनी लवादासमोर भांडणार. ते बंद दाराआड चालतं. तिथे जे ठरेल ते बाहेर कोणाला सांगायचं नसतं. वर्षं जातील. आणि शेवटी काय ठरलं ते तुला कळणारही नाही, शिवणवालीलाही नाही.

मला घरी बसवलंय. टेबल रिकामं करत होतो तेव्हा नन्ना मदतीला आला. फाइल आता त्याच्याकडे आहे. म्हणाला, "मला दिली असतीस तर मीही 'हो'च लिहिलं असतं. अहवाल वाचून दुसरं काय लिहिणार? मला काय वाचता येत नाही?" मग त्याने माझा चहाचा कप वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

ताई, मी एकदा तोंड उघडलं असतं, त्या पहिल्या बैठकीत, तर आज ते वाक्य तुझ्या घरात असतं. खरं होतं ते, आणि माझ्या हातात आल्यामुळेच खोटं ठरलं.

तू कोणाला सांगितलंस का, हे मी विचारत नाही.

टिल्लू


१८ मे

प्रिय टिल्लू,

विचारत नाहीस, पण मी सांगते. सांगितलं. तुझी शपथ मोडली.

तुझं पत्र जाळलं, त्याच संध्याकाळी रस्ता ओलांडून गेले. राहवलं नाही रे. तिची पोर शेवटच्या क्षणी एकटी नव्हती, तिच्या तोंडावर मास्क होता, हे ठाऊक असून त्या आईच्या समोर रोज खिडकीत उभं राहायचं? ते माझ्याने झालं नाही. मी सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती, चेहरा दगडाचा. मग म्हणाली, "कोण म्हणतं?" मी गप्प राहायला हवं होतं. पण तिला पटावं म्हणून तोंडातून गेलं, "माझा टिल्लू म्हणतो. तो त्याच कंपनीत आहे, त्याने डोळ्यांनी वाचलंय." तुझं नाव ऐकल्यावर तिला पटलं. माझ्या गळ्यात पडून रडली. तिने वाईट बुद्धीने वकिलाला सांगितलं नाही. तिला वाटलं, आता मालकाला शिक्षा होईल.

म्हणजे तू गप्प बसलास म्हणून, आणि मी गप्प बसले नाही म्हणून. दोघांच्या मध्ये तुझ्या दाजींचं वाक्य हरवलं. तुझ्यावर रागवायला मला तोंड नाही आणि माझ्यावर रागवायला तुला.

मालकाच्या माणसांनी वस्तीत पसरवलंच की अहवाल मेव्हण्याने बनवून घेतला. गेल्या आठवड्यात शिवणवाली माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही. म्हणाली, "तुझा भाऊच ना तो? मग तो दुसरं काय सांगणार?" आवाज चढवला नाही, नुसतं विचारलं. मी तिच्या जागी असते तर मीही हेच विचारलं असतं.

पडदा परत लागलाय.

काल कामावरून आले तर उंबऱ्याशी कागदी पिशवी होती. आत तुझ्या दाजींचा निळा शर्ट, इस्त्री करून घडी घातलेला. खिसा फाटकाच. मला फार लागलं. इतके महिने ठेवून घेतला आणि तसाच परत दिला, म्हटलं, आता संपलं. मग खिडकीशी नेऊन बघितला. खिशाच्या कडेने बारीक बारीक भोकं आहेत, ओळीने, दुहेरी. एका कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचं टोक अडकलंय.

तिने शिवला होता, टिल्लू. दुहेरी टीप घालून, पक्का. आणि मग बसून सगळी शिवण उसवली.

उसवताना ती रडली असणार, मला माहीत आहे. पण त्याआधी शिवताना तिला खरं काय ते ठाऊक होतं. थोडे दिवस का होईना, या वस्तीत माझ्याशिवाय आणखी एका माणसाला ते ठाऊक होतं, आणि तिच्याच मुलीला आणायला हे आत गेले होते. आता ते पुन्हा मी एकटीच जाणते. तू जाणतोस, पण तू भाऊ. तुझं कोणी धरत नाही.

तू इथे ये. नोकरीचं बघू. पान्यांची पेटी आहे, मोरीतला नळ तेवढा नीट कर, मला त्याचा आवाज सोसत नाही.

शर्ट मी समोरच्या खुंटीला लावलाय, तिच्या खिडकीतून दिसेल असा. धुलाईघरात सुईदोरा चालवायची सवय आहे मला, भोकं तयार आहेत, अर्ध्या तासाचं काम. पण तो खिसा मी शिवणार नाही. तो तिने शिवायचा आहे.

तुझी ताई